केळाची सांजोरी : रावेर ते देवपूर, एका पोटदुखीचा प्रवास

खरं सांगून टाकते. हा प्रवास मी इतिहासाच्या ओढीने केला असं लिहायला मला आवडलं असतं, पण वहिनीचा व्हिडिओ बघून माझ्या पोटात दुखलं, म्हणून केला.

झालं असं, की सहा वर्षं मी हा ब्लॉग इमानेइतबारे लिहितेय. उन्हातान्हात हिंडते, भाकऱ्यांचे फोटो काढते, आणि तुम्ही मोजके लोक तो प्रेमाने वाचता. त्यातले दोघे माझ्याच घरात राहतात. आणि या चैत्रात धुळ्याहून माझ्या भाचीने, दादाच्या सईने, तिच्या आईचा दीड मिनिटाचा एक व्हिडिओ टाकला. वहिनी ओट्याशी उभी, पदर खोचलेला, केळाची सांजोरी लाटतेय. शेवटी कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणते, "ही आमच्या धुळ्याची केळाची सांजोरी. मला सासूबाईंनी शिकवली." संपला व्हिडिओ. बघणाऱ्यांचा आकडा आठ दिवसांत लाखाच्या घरात गेला. खाली लोकांनी लिहिलंय, काकूंच्या हाताला काय चव असेल, काकू अजून दाखवा, काकू तुम्ही अन्नपूर्णा.

ती सासूबाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आणि तिने मला, पोटच्या पोरीला, ती सांजोरी कधीच शिकवली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी रवा-गुळाच्या सांजोऱ्या होतात. पुरीएवढा आकार, आत सारण, कडेला मुरड आणि तुपात तळण. आमच्या घरात त्या सारणात पिकलेलं केळ असतं. आमरसाबरोबर खा, नुसती खा, चार दिवसांनी डब्याच्या तळाशी सापडली तर भांडून खा. लग्नानंतर दरवर्षी आखाजीला मी धुळ्याला जायचे, ताटात चार सांजोऱ्या पडायच्या, आणि मी ओट्याकडे गेले की आई म्हणायची, "तू बैस, तुझं काय काम इथे?" मग तीच आई वहिनीला शेजारी उभी करून केळ किती आटवायचं ते दाखवायची. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा. असं मी नवऱ्याला तेव्हाही म्हणाले होते.

तर व्हिडिओ बघून मी ठरवलं. केळ धुळ्याचं नाही, रावेरचं. आईचं माहेरही रावेरचं. म्हणजे सांजोरी रावेरची असणार. तिथे जायचं, खरा इतिहास शोधायचा, जमलं तर शिकून घ्यायचं आणि आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्यात देवपूरला, दादाच्या घरी जाऊन वहिनीपुढे डबा ठेवायचा. नवऱ्याने विचारलं, "एवढ्या उन्हात?" मी म्हटलं, "ब्लॉगसाठी." तो पेपरमागे हसला असावा.

पहिला दिवस. पुण्याहून रेल्वेने भुसावळ गाठलं, सकाळी लवकर पोचणारी गाडी घ्या, कारण नऊनंतर तिथलं ऊन मी म्हणतं. स्टँडवरून रावेरची एसटी मिळते, फैजपूर, सावदा करत जाते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत निम्म्याहून जास्त आम्हीच होतो. सावद्यापासून दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि बाहेर रणरण असूनही खिडकीतून क्षणभर ओला वास येतो. केळी भरलेले ट्रॅक्टर गाडीला वाट देत नाहीत, घाई असेल तर ती पुण्यातच ठेवून या.

शेजारी एक शिक्षक बसले होते. मी सांजोरीच्या शोधात निघालेय म्हटल्यावर ते सावरून बसले.

"अहो मॅडम, ती बुऱ्हाणपूरची. बादशहाच्या बेगमला केळ आवडायचं पण सोलायचा कंटाळा. म्हणून खानसाम्याने पारीत घातलं."

पुढच्या सीटवरच्या आबांनी मान वळवली. "काई बी सांगू नका सर. बैलगाडीतून लेकीच्या घरी केळी पाठवली का उन्हानं काळी पडायची. म्हनून मायनं गुळात आटवून पिठात बंद केली. मह्या आजीनं सांगितलेलं हाये."

"पुरावा काय?"

"बेगमचा तुमच्यापाशी हाये का?"

गाडी हसली. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, आबांच्या गोष्टीपुढे खूण केली, कारण त्यात माय होती, लेक होती, वहिनी कुठेच नव्हती.

इंदूमामी म्हणजे आईच्या भावाची बायको. सत्तरीच्या पुढची, अंगाने वाळलेली, आवाजाने टणक. मामा गेले, मुलं केळीत आहेत, घराच्या मागच्या बाजूला बाग सुरू होते ती थेट सातपुड्याकडे जाते. अंगणात मुलगा आणि मजूर खोक्यांमध्ये केळी भरत होते. मी हातपाय धुतले तोवर समोर वरणबट्टी आली. भरीत मिळेल या आशेने कुणी उन्हाळ्यात इकडे येऊ नये, भरिताची वांगी थंडीतली. पण बट्टीवर तूप ओतताना मामी हात आखडत नाही, एवढं लिहून ठेवते.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. मामी, सांजोरी मूळची इथलीच ना? आई इथेच शिकली ना? आता मला शिकवा.

मामीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुही माय इथी कधी लाटण्याले शिवली नाई. लेक हाये ती. लेकीनं सांजोरी लाटली त मंग करायची कोनासाठी? ती सुनेनं करायची, लेकीनं खायाची."

मी म्हटलं, मग आईला आली कुठून?

"म्या शिकवली. चोरून."

आणि मग जे मामीने सांगितलं, ते तिच्याच क्रमाने लिहिते. मामी या घरात आली तेव्हा तिच्या माहेरी कुणी उरलेलं नव्हतं. काकाने लग्न लावून दिलं आणि तो मोकळा झाला. आखाजी आली की गल्लीतल्या सगळ्या सुनांना न्यायला मुऱ्हाळी यायचे, कुणाचा भाऊ, कुणाचा चुलतभाऊ. गल्लीतल्या लेकी सासरहून यायच्या, सुना माहेरी जायच्या, झाडाझाडाला झोके लागायचे. मामी तेवढी चुलीशी. येणाऱ्या नणदेसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, परातभर सांजोऱ्या करायची. मला न्यायला कोण येणार, असं ती कुणाला म्हणाली नाही.

तिसऱ्या वर्षी आई दादाला कडेवर घेऊन आली. दुपारी माझी आजी देवळात गेली होती. आई चुलीशी येऊन म्हणाली, वहिनी, मला शिकव. मामी म्हणाली, लेकीने करू नये. आई ऐकेना. शेवटी मामीने केळ आटवून दाखवलं, आईने लाटलं, तळलं.

"आन पयली सांजोरी मह्या हातात देली," मामी म्हणाली. "म्हनली, आज तू बस. वरच्या अंगाले झोका व्हता, त्यावर बसवलं मले. मी झोक्यावर आन तुही माय चुलीपाशी. सासू देवळातून आली त काय बोलली ते नाई सांगत तुले."

मामी हसली, पदराने तोंड पुसलं. माझ्या वहीत बेगम होती, बैलगाडी होती, आता हे लिहायला जागा सापडेना. सांजोरी धुळ्याला गेली ती अशी. माझ्या आईने एका वहिनीला खाऊ घालण्यासाठी रीत मोडली होती.

माणसाने इथे गहिवरावं. मीही थोडी गहिवरले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं, "मग मलाही शिकवा ना, चोरून."

"शिकवतो व माय. पन तुह्या मायनंच घातलेली रीत हाये. नणदीनं शिकली त पयली वयनीले. कबूल असन त लाट. नाई त बट्टी खाल्ली ना, गाडी धर."

वहिनीला! जिच्या नाकावर टिच्चून मी शिकणार होते तिलाच पहिली. मी कबूल म्हणाले. मनात काय होतं ते देवाला आणि आता तुम्हाला माहीत.

संध्याकाळी बसलो. केळी अगदी काळ्या सालीची घेतात, बाजारात कुणी हात लावणार नाही अशी. ती कढईत मोडायची, त्यांचं पाणी आटू द्यायचं, मगच गूळ. मी गूळ आधी टाकायला गेले तर मामीने मनगट धरलं. भाजलेला रवा, वेलची, सारण कढई सोडू लागलं की उतरवायचं. पारीला तुपाचं मोहन. कडेला मुरड घालायची, कारण मुरड घातलेलं खाऊन गेलेलं माणूस परत वळतं, असं इकडे मानतात. मी सारण गार होईतो थांबले नाही. पहिली सांजोरी तुपात सोडली आणि ती एका अंगाने फुटली, केळ बाहेर येऊन करपलं. पुढच्या आठ मात्र अशा झाल्या की मी स्वतःच फोटो काढत बसले.

मामीने ती फुटकी उचलून वेगळ्या कागदावर ठेवली. "हीच पयली. बदलू नको."

दुसरा दिवस. रावेरहून जळगावची एसटी सकाळी लवकर धरा. जळगाव स्टँडबाहेर शेवभाजी मिळते, तिखट कमी करा असं सांगायची लाज वाटू देऊ नका, ते कमी करतही नाहीत. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून डबा उघडला. आठ सुंदर सांजोऱ्या, आणि वर कागदात ती एक. ही वहिनीसमोर ठेवायची? लाखभर लोकांची अन्नपूर्णा ती, आणि ही माझी करणी? ती काही म्हणणार नाही, नुसती बघेल, आणि ते बघणं मला आयुष्यभर पुरेल. मी कागद उचलून पर्समध्ये कोंबला. आठांतली सगळ्यात देखणी वर आणली. पहिली कुठली ते रावेरची मामी सांगायला थोडीच येणार होती.

जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोल लागतं, पारोळा लागतं. शेजारच्या बाईने डब्याचा वास घेतला.

"माहेरले चालनी का?"

"हो, धुळ्याला. देवपूरला."

"माय शे ना?"

"नाही."

"मंग कोन शे?"

"भाऊ आहे. वहिनी आहे."

"मंग बठ्ठं शे," म्हणजे सगळं आहे, असं बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून झोपल्या. मला हे वाक्य आवडलं नाही. पारोळा येईतो मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

धुळे स्टँडवरून देवपूरला रिक्षा मिळते, पांझरेच्या पुलावरून. नदीत पाणी नव्हतं, पोरं पात्रात क्रिकेट खेळत होती. दादा दाराशीच होता, "आलीस? फोन करायचा, मी घ्यायला आलो असतो," हे दर वर्षीचं वाक्य म्हणाला. आत वहिनी परातीत पीठ मळत होती. उद्याची तयारी. सई तिच्यापुढे फोन धरून उभी. वहिनीने मला बघितलं आणि हात तसेच ठेवून म्हणाली, "ताई, आधी पंख्याखाली बसा. सई, फोन ठेव, पाणी आण."

ताई म्हणते ती मला, वयाने बरोबरीची असून. अठरा वर्षांत एकदा नाव घेतलेलं नाही. यातही मला तिचा राग यायचा, भांडायला जागाच देत नाही म्हणून.

मी पाणी प्यायले आणि डबा परातीशेजारी ठेवला. झाकण वहिनीने काढलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, याच क्षणासाठी तर पुणे ते रावेर केलं होतं. ती दचकली, ओशाळली, हिरमुसली, काहीतरी दिसेल असं मला वाटत होतं. ती डब्यात नुसती बघत राहिली. मग तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. असं ती कधी करत नाही, नॅपकिन असतो तिचा.

"कुणी शिकवलं ताई?"

"रावेरच्या मामीने."

"स्वतः केल्या?"

"हो मग."

तिने वरची देखणी सांजोरी बाजूला सारली. खालची बघितली. तिच्या खालची बघितली.

"यातली पहिली कोणती?"

सई म्हणाली, आई, काय फरक पडतो? वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी पर्स उघडली. कागद तुपाने डागाळला होता, आत सांजोरीचे दोन तुकडे झालेले. मी ते तिच्या हातावर ठेवले.

"ही. फुटलीये."

"फुटू दे."

"बसा वहिनी," मी म्हणाले. मला आणखी काही सुचलं नाही.

ती ओट्याखालच्या पाटावर बसली. एक तुकडा खाल्ला, सावकाश. "मीठ विसरलात. चिमूटभर लागतं." मग दुसरा खाल्ला. करपलेलं केळही सोडलं नाही. बोटं चाटली आणि रडायला लागली. आवाज न करता, पाटावर बसून. दादा दारात आला आणि परत गेला.

वहिनी दोंडाईच्याची. इथून तासा-दीड तासाचा रस्ता. तिची आई लहानपणीच गेली, वडील लग्नानंतर वर्षभरात, भाऊ सुरतला गेला तो तिकडचाच झाला, घराला कुलूप. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून अठरा आखाज्या मी तिच्या हातच्या सांजोऱ्या खाल्ल्या, आणि ती त्या दिवशी कुठेच जात नाही हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

"माले लेवाले कोनी येत नही ताई," ती म्हणाली. न्यायला कुणी येत नाही. तिची बोली अठरा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकली. मग डोळे पुसून नेहमीच्या भाषेत आली. "रावेरच्या मामींची गोष्ट आईंनी मला सांगितली होती. झोक्याची. तेव्हा मी म्हटलं होतं, आई, ताईंना शिकवा ना. म्हणजे मला पहिली मिळेल."

"मग?"

ती पीठ झाकायला उठली. मी पुन्हा विचारलं.

"म्हणाल्या, तिला नको शिकवायला. ती शिकली तर यायची नाही. पुण्यातच करेल आणि खाईल."

सईच्या हातातला फोन केव्हाच खाली झाला होता.

"मला फार हेवा वाटायचा तुमचा," वहिनी म्हणाली. "कुणीतरी यावं म्हणून अशी युक्ती करणारं माणूस असतं एकेकाला."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच ओट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींवर जळत होतो. आणि मध्ये माझी आई, एकीला शिकू न देता आणि त्यापायी दुसरीला उपाशी ठेवत. मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं बरं नाही, पण आला. नंतर मी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी पुजून झाल्या, आमरस झाला, सांजोऱ्या वहिनीने केल्या. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, "काल झाला तुमचा नंबर, आज पाहुण्या व्हा." गच्चीतल्या लोखंडी झोपाळ्यावर मात्र मी तिला ओढत नेलं. पाच मिनिटं बसली, मग गॅसवर काय आहे ते आठवून उठून गेली.

आता पुण्यात आहे. इतिहासाचं विचाराल तर, बेगम खरी की बैलगाडी खरी, मला कळलेलं नाही, ज्याला हवी त्याने ती घ्यावी. मला मिळालेली तिसरी गोष्ट तुम्हाला सांगितली. कृती मुद्दामच अर्धी लिहिली आहे, प्रमाणं कळवा म्हणून मेल करू नका. रावेरला जा, विचारा, फक्त पहिली कुणाला द्यायची ते आधी ठरवून जा.

पोटदुखी गेली का? नाही. सईने माझी फुटकी सांजोरी हातात घेऊन बसलेल्या तिच्या आईचा गुपचूप काढलेला फोटो टाकलाय, 'नणंदेच्या हातची' असं लिहून. माझ्या सहा वर्षांच्या ब्लॉगपेक्षा जास्त लोकांनी तो एका दिवसात पाहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मग मी तो फोटो माझ्याकडेही जपून ठेवला.

परवा काळी केळी आणून घरी करून बघितल्या. मीठ घातलं. एकही फुटली नाही. नवरा म्हणाला, अगदी आईंसारख्या झाल्यात. त्या खाऊन झाल्यावर मी धुळ्याला फोन लावला.

"वहिनी, मला काही जमत नाही हो. सगळ्या फुटल्या. पुढच्या आखाजीला तुमच्याच हातच्या लागतील."

पलीकडे तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"हो ना," वहिनी म्हणाली, "अवघडच असतात त्या. या तुम्ही."